उशी

मार्त्शेल दगड उचलायचा, मी उशी ठेवायचो.
नवार्राच्या डोंगरांतलं आमचं गाव, जत्रेचा चौक,
सगळ्यांच्या माना दगडाबरोबर वर जायच्या,
माझी तेवढी खाली.
रबर, जुनी गादी, वर बैलाचं कातडं.
दगड कुठं पडणार ते खांद्याच्या कलावरून ओळखायचं
आणि त्याच्या आधी तिथं पोचायचं.
तीस वर्षं माझं कसब एवढंच.

दोनशे एक्क्याण्णव किलोच्या दिवशी
कमरेचा पट्टा मीच गुंडाळला होता.
एक टोक माझ्या मुठीत, दुसरं त्याच्या पोटाशी,
गिरक्या घेत घेत तो माझ्यापर्यंत आला.
हात राळेनं चिकट. ओठ हलत होते.
मला वाटलं प्रार्थना.
नंतर म्हणाला, दुधाचा हिशेब करत होतो.

दगड मांडीवर. मांडीवरून पोटावर. पोटावरून छातीवर.
मग तो क्षण, जेव्हा कोण कुणाला धरून आहे
ते दगडालाही कळत नसावं.
चढला.

टोप्या उडाल्या, घंटा वाजली,
आणि त्या गदारोळात कुणाच्या लक्षात आलं नाही
की तो दगड टाकतच नाहीये.
पंच म्हणाले झालं. मी म्हणालो टाक.
भिंतीपाशी नेकाने किंचाळली, टाक रे!
हा तसाच, डोळे समोरच्या डोंगरावर,
खाली गर्दीत आपलं कुणी नसल्यासारखा.
किती, चार सेकंद? पाच?
त्या पाच सेकंदांना मी अजून भितो.

दगड पडला, उशीच्या मधोमध पडला, मी साक्ष आहे.
पण पुढं दोन वर्षं
जेवायला बसला तरी त्याचा डावा खांदा वरच.
बँकेच्या कॅलेंडरवर त्याचा ऑगस्ट.
भेटेल तो विचारायचा, तीनशे कधी?
सायडरच्या गुत्त्यात त्याचे पैसे कुणी घेईना,
आणि फुकटच्या पेल्याला तळ नसतो.
पाम्प्लोनाचा डॉक्टर म्हणाला, दोन मणके चिकटलेत.
नेकाने माहेरी गेली, मेंढ्यांच्या वेताला आली,
पुन्हा गेली.
पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले,
खांद्यावर ठेवून घेणारा हाच एक.

फेब्रुवारीत, धुक्यात, पहाटे माझ्या गोठ्याच्या दारात उभा.
उशी आण, म्हणाला.
त्याच्या खळ्यामागं तो दगड होता,
सोळाव्या वर्षी आम्ही दोघं ज्याच्याशी झोंबायचो, शंभराचा.
उचलला. गुडघे थरथरले, पण उचलला.
मी उशी सरकवली, तर मान हलवून नाही म्हणाला,
आणि आल्या वाटेनं त्याला उतरवायला लागला.
खांद्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर,
पोटावरून मांडीवर, मांडीवरून
गवतावर.
याला कुठल्याही जत्रेत गुण नाहीत.
चढवण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला.
दगड टेकल्याचा आवाजही आला नाही.
खरं सांगतो, मला जरा अपमानच वाटला.

आता त्रेसष्ट वर्षांचा आहे.
मंगळवारी आणि शुक्रवारी, दूध घालून झालं की.
शंभराचे नव्वद झाले, नव्वदाचे अठ्ठ्याहत्तर,
दुधाच्याच वहीत शेवटच्या पानावर
आकडे खाली खाली येत गेलेत,
आणि तो ते पान मोठ्या ऐटीत दाखवतो.
नेकाने वर्षानुवर्षं कुठं गेलेली नाही.

गिरणीवाल्याची ओइहाने येते हल्ली, अकरा वर्षांची.
महिनाभर तो तिला फक्त ठेवायला शिकवतोय.
दगड तिच्या मांडीवर तोच देतो, तिनं खाली न्यायचा.
काल ती वैतागली, उचलायचं कधी?
तो म्हणाला, आधी गायींना पाणी दाखव.

मी अजून उशी घेऊन जातो.
गवत ओलं असतं.
तिच्यावर मीच बसतो.