अस्तर

दुखत नव्हतं कधीच. फसवणूक तीच.
उजवा गाल जरा भरलेला, एवढंच.
सुलोचना म्हणायची, पगार वाढला वाटतं.
कारखान्यातले म्हणायचे, राजेशम, मावा सोड.
मी मावा खात नाही.

सात रस्त्याच्या हत्तुरे डॉक्टरबाईंनी
फोटो उजेडासमोर धरला:
अख्खा जबडा उलगडून सपाट,
दुकानदार घडी मोडून चादर दाखवतो तसा,
आणि अक्कलदाढेच्या मुळाशी
लिंबाएवढी काळी पोकळी.
"हाड आतून पोखरलंय," म्हणाल्या.
"कॅन्सर नाही. पण हट्टी आहे."

पहिल्या खेपेला पिशवी काढली, दाढही.
दाढ मी एका रिकाम्या डबीत ठेवली,
का ते विचारू नका.
सहा महिन्यांनी या, मग दर वर्षी, म्हणाल्या.
तेव्हा टॉवेलची ऑर्डर होती, माग दोन पाळ्यांत,
आणि कडक भाकरी पुन्हा दाताखाली फुटत होती
शेंगाचटणीसकट.
बरा झालेला माणूस कशाला चढतो दवाखान्याचा जिना?

चार वर्षं.
मग चव्वेचाळीस डिग्रीतल्या एका दुपारी
घाम पुसताना बोट थबकलं
त्याच जागी.

बाई रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.
कागदावर काढून दाखवलं:
पिशवी निघते, पण तिचं अस्तर
ओल्या कागदासारखं, ओढलं की फाटतं.
हाडाच्या सांदीत राहतं एखादं सूत
आणि त्या सुतापासून
पुन्हा सगळी.

हे मला कळलं. सत्तावीस वर्षं मागावर आहे.
जॅकॉर्डच्या पत्त्यात एक भोक चुकलं
की दर चादरीत मोराची तीच शेपूट चुकते.
धागा कापून भागत नाही, पत्ता बदलावा लागतो.
"माझ्यातला पत्ता कुठाय?" मी विचारलं.
बाई हसल्या. "तोच तर हाती लागत नाही."

या वेळी आधी नुसतं भोक पाडलं,
आत औषधाची पट्टी.
पाच महिने सुलोचना रोज रात्री
ट्यूबलाइटखाली सिरिंजनं धुवायची तोंड माझं,
विड्या वळून पिवळ्या झालेल्या बोटांनी,
वास आला तरी नाक न मुरडता.
पोकळी आक्रसली. मग खरवडलं,
वर जाळणारं औषध लावलं.
तिथूनच एक नस जाते, आधीच सांगितलं होतं.

आता अर्धी हनुवटी बधिर.
चहा ओघळला तरी कळत नाही.
सुलोचना स्वतःच्या हनुवटीला बोट लावते,
मी माझी पुसतो.
पाहुण्यांना वाटतं, नवराबायकोची काही खूण असेल.
आहेच.

दर वर्षी गड्डा उठला की फोटो.
दुखत नाही, म्हणून जातो.
यंदा काळ्याच्या कडेनं पांढरं दिसलं.
"हाड भरतंय," बाई म्हणाल्या.
भरलं, असं म्हणत नाहीत त्या कधी.
मीही विचारत नाही.
खाली येऊन पुढची तारीख लिहून घेतो
विडीच्या कार्डामागे, पेन मागून,
आणि दुसऱ्या पाळीला जातो.