बिनतारेचा पियानो

फेब्रुवारीत ताल्लिनमध्ये उजेड येतो
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.
दारात घुटमळतो, आत येत नाही.
सकाळी फोन: उद्या अंतिम फेरी,
देशाचं गाणं ठरायचंय,
पियानो जुळवून द्या.

मी हेल्दुर, वय एकसष्ट.
तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे सूर लावतो.
स्वतः गात नाही. बायको होती तेव्हा
न्हाणीघरात गायचो.
ती बाहेरून विचारायची, पाणी फार कढत आहे का?

सभागृहात शिड्या, केबलींची भेंडोळी.
रुपेरी सदऱ्यांतली तीन पोरं
उडी मारून त्याच टाचेवर उतरायला शिकत होती.
त्यांचं गाणं इंग्रजीत. शब्द
हॉटेलातल्या टॉवेलासारखे,
कुणाच्याही अंगाला चालतील असे,
आणि कुणाचेच नाहीत.

पियानो मधोमध, पांढरा.
झाकण उचललं.
आत तारा नाहीत.
हातोड्याही नाहीत. पोटात धुराचं यंत्र,
पाण्याच्या दोन बाटल्या,
कुणाचं तरी अर्धं सँडविच.

व्हायके आली, निर्माती. नावाचा अर्थ शांत,
बाईच्या दोन्ही हातांत वाजणारे फोन.
“अहो, वाद्यं सगळी आधीच मुद्रित. नियमच आहे.
गळा तेवढा जिवंत.”
“मग मी कशाला?”
“अंदाजपत्रकात तुमचा रकाना आहे ना.
तो काढायचा तर सभा बोलवावी लागेल.”

किल्ली पिशवीत टाकत होतो
तेवढ्यात तूली आली, हिउमा बेटावरची,
पायात बापाचे रबरी बूट, हातात चकचकीत सँडल.
तिचं गाणं घरच्या बोलीत.
बर्फाखालून समुद्र कण्हतो, त्याला
तिच्या घरात एक शब्द आहे. तो धृपदात चार वेळा येतो.
परीक्षकांनी म्हणे विचारलं,
हा लिस्बनमध्ये कोणाला कळणार?
ती म्हणाली, ताल्लिनमध्ये तरी कुठे कळतोय.

“काका, एक सूर द्या ना.
कानातल्या यंत्रात नुसती गर्दी आहे.”

मी नादकाटा दिला.
तिने तो गुडघ्यावर आपटला आणि दातांत धरला.
डोळे मिटले.
सेकंदाला चारशे चाळीस वेळा
तिची कवटी थरथरत असणार.
शपथेवर सांगतो, त्या अख्ख्या सभागृहात
जुळलेली वस्तू तेवढी एकच होती.

दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरात टीव्ही लावला.
शेजारचा एंडेल असले कार्यक्रम बघत नाही,
करदात्याचा पैसा वगैरे.
मतदान सुरू झालं आणि भिंतीपलीकडे
त्याच्या फोनची बटणं वाजली. तीनदा.
आमच्याकडे मत गुप्त असतं,
फक्त भिंती पातळ आहेत.

रुपेरी सदरे जिंकले.
फरक चारशे अकरा मतांचा.
एका बोटीत मावतील एवढी माणसं.
बेटावर त्या रात्री वीज नव्हती, हे नंतर कळलं.
असती तर?
माहीत नाही. मी सूर लावतो, हिशेब लावत नाही.

तूली टाळ्या वाजवत होती, मनापासून.
पण टाळीचा आवाज बोदा येत होता,
उजवी मूठ उघडतच नव्हती.
कॅमेऱ्याला कळलं नाही. मला कळलं.

मे महिन्यात ती तीन पोरं जातील,
उडी मारतील,
मी श्वास रोखून टाचांकडे बघेन
आणि ओरडेन. ओरडेनच. शेवटी आपलीच पोरं.

सोमवारी बिल लिहिलं.
काम: पियानो जुळवणे, एक.
तारा: रेघ मारली.
हरवलेलं साहित्य: नादकाटा, एक.
भरपाई नको.

टपालात टाकायला निघालो तर ट्रामच्या थांब्यावर
रात्रीची उतरली नसलेला एक पोरगा
तिचं धृपद म्हणत होता.
तो शब्द अर्धवट चुकीचा,
सूर चांगला अर्ध्या पायरीने खाली.
माझा हात सवयीने खिशात गेला.

खिसा रिकामा.
ट्राम यायला सहा मिनिटं होती.
म्हटलं, म्हण बाबा.