नऊ वर्षांचा रकाना

कोठारात त्या बुचाला म्हणत मधली बहीण.
विक्रीखात्यात ते पंचेचाळीस बाय चोवीस, दर्जा दुसरा.
हिशेबात डोना ग्रासिंदाने त्याला टाकलं होतं
किरकोळमध्ये,
झाडू आणि दिव्यांच्या शेजारी.
दर डिसेंबरला ताळा जमायचा नाही
आणि तिन्ही खात्यांत अबोला.

तो मोडायला मला पोर्तोहून पाठवलं,
लॅपटॉप, दोन शर्ट आणि एक वाक्य देऊन:
नोंद एकदाच करा, पुढचं आपोआप.
ऑर्डर आली की कोठाराला कळेल,
कोठार हललं की खरेदीला,
ट्रक फाटकाबाहेर पडला की बिल तयार.
मालकांना खुर्चीतून न उठता दिसेल
आपण बुडतोय की तरतोय.

सेन्योर बेल्मिरो म्हणाले, ते मला आत्ताही कळतं,
सकाळी अंगणात उभं राहून वास घेतला की.
मग जरा थांबून:
पण बँकेला वास चालत नाही.

कोठारावर कितेरिया. बत्तीस वर्षं.
निळ्या पुठ्ठ्याच्या अकरा वह्या,
आणि वह्यांत नसलेलं सगळं डोक्यात.
मी विचारायचो, ती सांगायची, मी टंकायचो.
ही सालीची थप्पी कधी उकळणार?
"अजून एक हिवाळा मुरू दे तिच्यात."
मी लिहिलं: १८० दिवस.
हा गठ्ठा बाजूला का?
"नाक लाव."
लावलं. मला काही कळलं नाही.
नाकाला रकाना नव्हता,
म्हणून शेऱ्यात लिहिलं: कितेरियाला विचारा.
महिनाअखेर मोजलं तर
हा शेरा दोनशे चौदा ठिकाणी होता.

मग आला तो रकाना:
माल मिळायला लागणारा काळ, दिवसांत.
"नऊ वर्षं," ती म्हणाली.
मी म्हटलं, खरेदीची कागदपत्रं सांगतात, तीन आठवडे.
"तीन आठवडे ट्रकला लागतात.
बुचाला नऊ वर्षं."
रकाना तीनच आकडे घेत होता.
तिने माझ्याकडे पाहिलं, जसं
हॉटेलात पाणी मागितल्यावर पोऱ्याने ओंजळ पुढे करावी.

शनिवारी ती मला खाली अलेंतेजोत घेऊन गेली.
चार तास गाडी, तिचा रेडिओ, माझी झोप.
झाडं गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सोललेली,
आत ओल्या विटेचा रंग,
आणि प्रत्येकीच्या अंगावर पांढऱ्या रंगात एक आकडा.
४. म्हणजे चौदा साली साल काढली.
तेविसाच्या आत कुऱ्हाड लावायची नाही.
सोलणारा वाचतो, मालक वाचतो,
ज्याला सही करता येत नाही तोही वाचतो.
पासवर्ड नाही.
माझं पोर्तोचं वाक्य मला आठवलं,
मी ते गिळलं.

सोमवारी सिस्टीम सुरू झाली. केक कापला.
बुधवारी तिने वाइनवाल्याला दोन लाख बुचं कबूल केली
आणि त्यात धरून टाकला
तो नाक लावायचा गठ्ठा.
शेरा माणसांसाठी असतो; गणित शेरा वाचत नाही.
कितेरिया ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिली,
मांडीवर हात, गप्प,
मी पळत येईपर्यंत.

त्या रात्री मी एक नवी खूण बांधली: अडवलेलं.
ती लावायचा अधिकार एकाच नावाला दिला.
तिने दोन बोटांनी स्वतःचं नाव टंकलं,
एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा टंकलं,
आणि विचारलं, "हे आता बेल्मिरोंनाही उघडता येणार नाही?"
नाही म्हटल्यावर
तिने लॅपटॉप स्वतःकडे नीट वळवून घेतला.

यंदा डिसेंबरात ताळा जमला, शेवटच्या बुचापर्यंत.
अबोल्याला आता दुसरं कारण शोधताहेत.
निळ्या वह्या कपाटात आहेत, बाराव्वी सुरू आहे,
कशाला ते मी विचारलं नाही.

त्या रकान्यात मी ९९९ भरून आलो.
यंत्राच्या मते झाडाला पावणेतीन वर्षं पुरतात.
झाडाला अजून कुणी सांगितलेलं नाही.