पंच्याण्णव टक्के

सव्वीसशे ग्रॅमचा हातोडा. तीन थर.
प्रत्येक थराला पंचवीस ठोके.
वाघोलीच्या लॅबमध्ये मी दिवसभर माती दाबते
आणि त्याचा पगार घेते.

थोडं पाणी घालते, ठोकते, वजन करते.
पुन्हा थोडं पाणी, पुन्हा ठोके.
एका ओलाव्यापर्यंत माती जड होत जाते,
मग हट्टाने हलकी.
आलेखावर एक टेकडी उमटते, बोडकी आणि बुटकी.
तिच्या माथ्यावर बोट ठेवायचं: एवढं पाणी. एवढं वजन.

मग तिकडे भरावावर
टँकर तेवढंच पाणी शिंपतो
आणि ओव्हाळांचा रोलर थरथरत जातो, येतो.
आठ फेऱ्या.
चहा.
आणखी दोन.

मी गुडघ्यावर बसते. पत्र्याच्या ताटातल्या भोकातून
वीतभर खड्डा चमच्याने कोरते, कणही न सांडता,
आणि त्यात मापाची वाळू सोडते.
वाळू थांबेपर्यंत कुणी पाय हलवायचा नाही.
ओव्हाळ इंजिन बंद करून टोपी काढून उभे राहतात,
का, ते मी कधी विचारलं नाही.

"सैल माती म्हणजे उद्याचा खड्डा, मॅडम.
अन् शिव्या रोलरवाल्याला."
लोहगावात त्यांच्याच घराचं जोतं खचलंय.
कुणीतरी न दाबलेल्या भरावर बांधून दिलं.
चार वर्षं झाली, दाराला कडी बसत नाही.

रविवारी थेऊरला.
यमुनाआत्याचा खोडवा गुडघ्याला आला
आणि तिथेच थांबला.
खत दिलं. पाणी दिलं. पाणी वरच उभं राहिलं,
त्यात बगळे उतरले.
"तुझं ते ताट आण," ती म्हणाली,
"रस्त्याचं सांगतेस, माझ्या रानाचंही सांग की."

वर चार बोटं भुसभुशीत. नऊ इंचांवर कुदळ वाजली.
एक मूळ मी हाताने मोकळं केलं:
सरळ खाली आलेलं,
थरापाशी काटकोनात वळलेलं, मग आडवंच चालत गेलेलं.
गांडूळ एकही नाही.

"हार्वेस्टर. मागून ट्रॉल्या," आत्या म्हणाली.
"रान ओलं होतं, मला दिसत होतं.
पण कारखान्याची पाळी लागलेली. आलेलं मशीन माघारी धाडू?"

नमुना पिशवीत भरला, खड्डा बुजवायला घेतला
तर त्याचीच माती त्यात मावेना.
ढीग उरला. आत्याने तो पायाने सारखा केला,
मग थबकली, पाय बाजूला घेतला.

रात्रभर ओव्हन, एकशे पाच अंश.
सोमवारी आकडा आला. एक पूर्णांक बावन्न.
पंच्याण्णव टक्के.
माझं पेन सवयीने 'पास'पाशी गेलं.

फोन केला. तिला टक्के नको होते.
"उन्हाळ्यात कोरड्यात सबसॉयलर घालीन, मग ताग.
ते बघते मी. तू मला हे सांग,
माती सगळ्यात जास्त दबते ती किती ओलीला?"
मी टेकडीचा माथा वाचून दाखवला.
"आकडा नको. तेवढी भिजव. मुठीत घे. लाडू होतो?"
होतो.
"कमरेवरून सोड."
फरशीवर लाडू फुटला. चार ढेकळं, बाकी चुरा.
"अगं, हा तर वाफसा," आत्या म्हणाली.
"याच ओलीला आम्ही पेरतो."

बारा वर्षं मी त्या बिंदूला
इंग्रजी नाव लिहीत आले. रकाना सात.

आज टँकर शिंपून गेला.
ओव्हाळांनी वरून विचारलं, ओल बरोबर आहे का?
मी मूठभर उचलली, दाबली, सोडली.
"वाफसा आहे."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग समोरच्या त्या लांबलचक, मोकळ्या, ओल्या पट्ट्याकडे.
बराच वेळ.
मग चावी फिरवली.