माया

फादर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा मिंगेल सांक्रिस्तांवाला धाडलं,
बगलेत पुडकं: काळी मखमल, साडेपाच मीटर,
कुवेतहून कुणीतरी नवसाची पाठवलेली.
"गुड फ्रायडेक सायबिणीक नवो झगो व्हयो, पेर्पेतीन.
तुज्याशिवाय कोण शिवतला?"

आगोठीपासून माझं मशीन बंद.
त्यावर चादर, चादरीवर सुकलेले कपडे, घडी न घातलेले.
बांबोळीहून ॲम्ब्युलन्स परतली
तेव्हापासून कोपेलाची पायरी चढले नव्हते.
एकदाच चढले, सगळ्यांबरोबर,
आणि त्या दिवशी मी तिथे नव्हतेच.

मापं घ्यायला गेले ती भर दुपारी.
उभादांड्याच्या वाटेवर काजूबोंडांचा आंबूस वास.
मिंगेलनं दार लोटलं, बाहेर पाठमोरा बसला.
"सायबिणीचा अंग. पुरसांनी बगूचा नाय."

मुकुट काढला.
छातीतल्या सात सुऱ्या एकेक उपसून बाकावर ठेवल्या,
पत्र्याच्या, पोह्याच्या चमच्याइतक्या हलक्या.
हूक सोडले. झगा खाली आला
आणि आत बाई नव्हतीच.

कमरेखाली फणसाच्या लाकडाच्या चार पट्ट्या,
कोंबड्या झाकायच्या डालग्यासारख्या.
मध्ये पोकळी, पोकळीत कोळिष्टक.
कोरलेला फक्त चेहरा, आणि हात मनगटापर्यंत,
लोकांना दिसतं तेवढंच.

मी मटकन खाली बसले.
वर्षभर मला हेच कुणाला सांगता आलं नव्हतं.
बाजारात तोंड घेऊन जायची,
पिशवी धरायला हात न्यायची.
मधे पट्ट्या.

"तुझा तरी तेहतीस वर्षांचा झाला,"
मी तिला म्हटलं. मोठ्यानं.
काचेचे डोळे होते तिथेच राहिले.
बाहेर मिंगेल खोकला.

जुना झगा उलटा केला तर आतल्या शिवणीत
एक गंजलेली सुई, दोरा अजून ओवलेला,
पुढचे टाके घातलेच नव्हते.
कुणीतरी मध्येच उठून गेली होती.
दूध उतू गेलं असेल. नाहीतर कुणी धावत येऊन
दारातून नाव घेऊन हाक मारली असेल.

इनासच्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा कोट मीच शिवला होता.
बाह्यांत चार बोटं माया सोडली होती.
शिवणीच्या आत दुमडून ठेवतात ना जास्तीचं कापड,
त्याला आम्ही शिवणारे मायाच म्हणतो.
पोर वाढलं की उसवायची.
तोच कोट घातला त्याला, अकराव्या वर्षी,
मनगटं उघडी राहिली तरी.
मला उसवायला सुचलंच नाही.
माया आत तशीच गेली.

घरी येऊन चादर काढली. तेल घातलं.
प्रार्थनेतला एक शब्द आठवेना,
पायडल मात्र पायांना आठवत होतं.

झगा चढवताना मिंगेलनं खालची किनार चाचपली.
"इतक्यां कापड आत कित्याक दुमडलंस?
सायबीण काय आता वाढतली?"
मी बोलले नाही.
गंजलेली सुई मी नव्या अस्तरात टोचली होती,
तिच्या शेजारी माझी, दोऱ्यासकट.

तिन्हीसांजेला चार खांद्यांवर ती बाहेर निघाली.
मखमल वाऱ्यानं भरली, जणू आत कुणी आहे.
मी मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत.
लोक "आमेन" म्हणून पुढे वळले,
माडांखालून दिसेनासे झाले,
तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं.