कायतानने भिंतीला भोक पाडलं

खडपाबांधच्या तिसऱ्या मजल्यावर
कायतान न्हाणीघरात शिरला,
आधी वर बघितलं.
झडपेच्या फटींत थर्माकोल.
"हें कोणें घातलां?"
मीच. डास येतात. शिवाय समोरच्या गच्चीवर
कुणी ना कुणी कपडे वाळत घालत असतं.

तो काही बोलला नाही.
गॅस गिझरच्या ज्योतीकडे
डॉक्टर जीभ बघतो तसा बघत राहिला.
निळी होती, पण टोकाला पिवळी पडत होती.
"जळून उरतां ताका वास ना, सायबा. म्हणून भंय."

मागचा सोमवार आठवला मला.
शशिकला दाराला टेकून, केस ओले, ओठ पांढरे,
आणि मी म्हणालो होतो,
उपास झेपत नाहीत तर करू नकोस.

मग ड्रिल. चिऱ्याची लाल धूळ
बादलीत, मगात, माझ्या चष्म्यावर.
भोकातून आधी उजेड आला,
मागोमाग डिमेलोबाईंच्या तळलेल्या सुंगटांचा वास.
पाइप त्याने बाहेरच्या अंगाला किंचित उतरता बसवला,
पाणी आत वळू नये म्हणून,
वरच्या खिडकीपासून हातभर लांब.
झडप मोकळी केली. उदबत्ती धरली.
धूर थोडा घुटमळला,
मग वाकून निघून गेला.

थर्माकोल जाताना
त्याने स्वतःच्याच पिशवीत कोंबला.

आता ती न्हायला गेली की
मी पॅसेजमध्ये उगाच फिरतो.
टॉवेल घेतलास?
घेतला.
साबण आहे?
आहे रे बाबा.
पाणी वाजत राहतं.
मी तिसरा प्रश्न शोधतो.