अकरा नळ्या

नुओरोच्या दवाखान्याच्या तळघरात एक फ्रीझर आहे,
उणे ऐंशी अंशांचा.
दार उघडलं की वाफ आधी चष्म्यावर येते,
मग आठवतं आपण कशाला आलो होतो.

बाकिझिओ मेलेस. मेंढपाळ. वय एकाहत्तर.
दर ऑक्टोबरात, कळप डोंगरावरून खाली आणला की
तो यायचा, बाही सरकवायचा,
फडक्यात बांधलेलं चीज टेबलावर ठेवायचा,
जणू नळीभर रक्त दिल्याचा मोबदला त्यानंच मला द्यायचा.
रक्त जरा फिकं. बाकी ठणठणीत.
आमच्या बेटावर फिक्या रक्ताचं कुणाला नवल?
खापरपणजोबांनी हिवतापाशी केलेला तो तह:
आम्ही लाल पेशी लहान ठेवतो, तू लेकरं सोड.
डास गेले. तहाचा कागद अजून आमच्या अंगात आहे.
"आईचं रक्त आलंय तुझ्यात," मी म्हणायचे
आणि त्याला घरी पाठवायचे.

या ऑक्टोबरात स्लाइडवर नको ते दिसलं.
मोठं केंद्रक, भोवती निळी, चिंचोळी किनार.
वयात न येणाऱ्या पेशी, कामाला न लागणाऱ्या,
नुसत्या वाढणाऱ्या.
बोटाखाली मोजयंत्र टकटकत राहिलं.
शंभरात सव्वीस.
पुन्हा मोजल्या. सत्तावीस.

मग तळघर. अकरा वर्षांच्या अकरा नळ्या.
पहिली मी तळहातात धरून वितळवली,
नियमात हे बसत नाही.
यंत्रानं चार दिवस घेतले.
दहावं वर्ष: आहे. आठवं: आहे.
पाचवं: हजारात चाळीस.
तिसरं: हजारात सहा.
दुसरं: काही नाही.

म्हणजे एका पेशीच्या एका अक्षरात चूक झाली,
तिनं ती लेकींना शिकवली, लेकींनी नातींना,
कुठे दुखलं नाही, खुपलं नाही,
मज्जेत तिचाच गोतावळा वाढत राहिला
आणि मी म्हणत राहिले, आईचं रक्त.

आलेख सुरेख आला होता.
काल्यारीहून इन्यात्सियानं फोनवर तेच म्हटलं,
"इतकी स्वच्छ रेघ मी पाहिली नाही."
त्या रात्री मला आनंद झाला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिसरं म्हणजे कोणतं?"
आणि बोटांच्या पेरांवर मागे मागे गेला.
"त्या उन्हाळ्यात मुरेद्दू मेला. कुत्रा माझा.
बाकी वर्ष चांगलं होतं. दूध भरपूर."
माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

मग म्हणाला, "लंगडी मेंढी ओळखू येते, डॉक्टरीणबाई.
घात करते ती धट्टीकट्टी.
नीट चरते, नीट चालते,
आणि एक दिवस बाकीच्या तिच्यामागे निघतात.
कड्याकडे."

त्यानं विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले,
"तेव्हा कळलं असतं तरी औषध नव्हतं."
हे खरं आहे.
खरं बोलताना माझाच आवाज मला परका का वाटला,
कोण जाणे.

तो खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होता.
मग बाही स्वतःच सरकवली.
बाराव्या नळीसाठी.
शीर सापडेना. तिसऱ्यांदा सापडली.
चीज त्यानं या वेळीही आणलं होतं, फडकं तेवढं नवं.

निबंधात तो रुग्ण क्रमांक सतरा.
पुरुष, ग्रामीण भागातला.
नळ्या मिलानला मागतात, पाठवतेही मी,
तिसरी गेली, पाचवी गेली.
दुसरी अजून अर्धी शिल्लक आहे, खालच्या कप्प्यात, मागे.
तिच्यात चूक नाही, आणि मुरेद्दू जिवंत आहे.
नोंदवहीत तिच्यापुढे मी लिहिलंय:
संपली.